वाढीव मोबदल्यातून कापलेला टीडीएस परत कसा मिळवायचा

आमच्या माहेरची जमीन कालव्यात गेली. ताबा गेला फेब्रुवारी २००९ मध्ये. मग वाढीव मोबदल्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा, तारखा, निकाल, निकालानंतर पुन्हा दरखास्त (निकालाची अंमलबजावणी व्हावी म्हणून अर्ज), आणि शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्टात भरणा झाला. बरोबर पंधरा वर्षं. अण्णांच्या वाट्याला १२,७६,००० रुपये आले, हातात मात्र ११,४८,४०० पडले. "बाकीचे कुठं गेले?" म्हणून अण्णांनी विचारलं, तर कारकून म्हणाले, "टीडीएस कापलाय. सरकारजमा झाला." अण्णा गप्प बसले. त्यांच्या लेखी ते पैसे गेलेच होते. आत्याचे तर २,५५,२०० कापले होते, कारण तिच्याकडे पॅन नव्हतं.

दोघांचेही कापलेले सगळे पैसे परत आले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, कर सल्लागार नाही. पण या कामात नऊ-दहा महिने घातले, नंतर गावातल्या आणखी चार घरांचे कागद घेऊन बसले, आणि दर वेळी त्याच चार ठिकाणी माणसं अडतात हे पाहिलं. त्या चार ठिकाणांसाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. टीडीएस म्हणजे तुमच्यावर बसलेला कर नव्हे. तुमच्यावर कर बसेल असं गृहीत धरून आगाऊ कापून ठेवलेली ती रक्कम आहे. खरा हिशेब प्राप्तिकराचं विवरणपत्र (रिटर्न) भरल्यावर होतो. विवरणपत्र भरलंच नाही, तर तो हिशेब कधीच होत नाही आणि रक्कम तिकडेच पडून राहते. शेतकऱ्याला विवरणपत्र भरावं लागत नाही, या समजुतीपायी आमच्या भागात कितीतरी लोकांचे लाखभर रुपये असेच राहिलेत.

आधी तक्ता मिळवा

सुरुवात प्राप्तिकराच्या पोर्टलवर करू नका. सुरुवात कोर्टाच्या नक्कल विभागात करा.

भूसंपादन कार्यालय कोर्टात रक्कम भरतं तेव्हा सोबत एक हिशेबाचा तक्ता जोडतं. त्यात प्रत्येक खातेदाराच्या नावापुढे जमिनीची वाढीव किंमत, त्यावरची तीस टक्के दिलासा रक्कम, बारा टक्के दराची वाढीव रक्कम, आणि व्याज असे वेगवेगळे रकाने असतात. दरखास्तीचा क्रमांक घालून त्या तक्त्याची प्रमाणित नक्कल मागा. तुमच्या वकिलांकडे झेरॉक्स असेलच, पण नक्कल हातात असलेली बरी. पुढे कुणी विचारलं तर कोर्टाच्या शिक्क्याचा कागद दाखवता येतो.

हा तक्ता इतका महत्त्वाचा का, ते अण्णांच्या आकड्यांवरून कळेल. १२,७६,००० मध्ये मोबदला, म्हणजे पहिले तीन रकाने मिळून, होता फक्त ४,००,०००. उरलेले ८,७६,००० हे व्याज. जुन्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी नऊ टक्के आणि पुढे दर वर्षी पंधरा टक्के व्याज आहे. पंधरा वर्षांचं झालं ९ अधिक १४ वेळा १५, म्हणजे २१९ टक्के. चार लाखांचे व्याजच पावणेनऊ लाख. पहिल्यांदा तो तक्ता पाहिला तेव्हा मी तीनदा बेरीज केली, कारण मुद्दलापेक्षा व्याज दुपटीहून जास्त असेल असं वाटलंच नव्हतं.

आणि प्राप्तिकराच्या दृष्टीने मोबदला आणि व्याज या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

मोबदल्याचं आधी बघू. खेड्यातली शेतजमीन ही प्राप्तिकर कायद्याच्या व्याख्येत भांडवली मालमत्ता धरतच नाहीत. त्यामुळे तिच्या मोबदल्यावर कर नाही. खेड्यातली म्हणजे कोणती, याचं मोजमाप आहे: दहा हजारांहून जास्त आणि एक लाखापर्यंत लोकसंख्येच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या बाहेर, एक ते दहा लाखांच्या शहरापासून सहा किलोमीटरच्या बाहेर, त्याहून मोठ्या शहरापासून आठ किलोमीटरच्या बाहेर. हे अंतर रस्त्याने नाही, हवाई मोजायचं. शेत शहराला लागून असेल तरीही, ते संपादनापूर्वीची दोन वर्षं तुम्ही किंवा आईवडिलांनी कसलेलं असेल, तर कलम १०(३७) खाली सक्तीच्या संपादनाचा मोबदला करमुक्तच आहे. पुरावा म्हणून त्या वर्षांचा पीकपाहणीसह सातबारा काढून ठेवा. जमीन संपादित झाली की सातबारा बदलतो, म्हणून जुना सातबारा आणि फेरफार दोन्ही लागतात.

शिवाय कलम १९४एलए, ज्याच्याखाली मोबदल्यावर दहा टक्के कापतात, ते शेतजमिनीला लागूच नाही. शहरालगतच्या शेतजमिनीलाही नाही. म्हणजे अण्णांच्या चार लाखांवर कापलेले ४०,००० मुळात कापायलाच नको होते. तक्त्यातले रकाने न बघता एकूण आकड्यावर सरळ दहा टक्के लावले होते.

ज्यांचं संपादन २०१३ च्या नव्या कायद्याखाली, म्हणजे १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या कायद्याखाली झालं, त्यांची बाजू आणखी भक्कम आहे. त्या कायद्याच्या कलम ९६ प्रमाणे निवाड्यावर (मोबदला ठरवणाऱ्या आदेशावर) किंवा करारावर प्राप्तिकर नाही. अपवाद फक्त कलम ४६ चा, खाजगी खरेदीचा. जमीन बिनशेती असली तरी ही सूट आहे, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं २०१६ च्या परिपत्रक क्रमांक ३६ मध्ये ते स्पष्ट केलेलं आहे. तुमचा निवाडा कुठल्या कायद्याखालचा आहे ते निवाड्याच्या पहिल्या पानावरच लिहिलेलं असतं. आमचा जुन्या कायद्याखालचा होता.

आता व्याज. मोबदल्यावरचं आणि वाढीव मोबदल्यावरचं व्याज ज्या वर्षी हातात येतं त्या वर्षाचं उत्पन्न धरतात. पंधरा वर्षांचं असलं तरी एकाच वर्षात. पण त्याच्या निम्म्या रकमेची सरळ वजावट मिळते, कलम ५७ च्या उपकलम ४ खाली. काही दाखवावं लागत नाही, पावत्या लागत नाहीत. मात्र या पन्नास टक्क्यांपलीकडे दुसरा खर्च वजा होत नाही. वकिलांची फी, कोर्टात हेलपाटे घातल्याचा खर्च, काहीही नाही. हे मला प्रत्येक घरात सांगावं लागलं, कारण वकिलांची फी सगळ्यांच्याच मनात सलत असते.

जुन्या कायद्याच्या कलम २८ खालचं व्याज हा मोबदल्याचाच भाग आहे, त्यावर कर नको, असं म्हणून काहींनी वाद घातलेत आणि निकाल दोन्ही बाजूंनी लागलेले आहेत. तुमची रक्कम पन्नास-साठ लाखांच्या घरात असेल तर चांगल्या सनदी लेखापालाचा सल्ला घ्या. साध्या कुटुंबाला त्या वादात शिरायची गरज पडत नाही, आणि ती का पडत नाही ते पुढच्या हिशेबात दिसेल.

अण्णांचा हिशेब

व्याज ८,७६,०००. निम्मी वजावट ४,३८,०००. उरलं ४,३८,०००. बँकेतल्या ठेवीचं व्याज १८,०००. एकूण करपात्र उत्पन्न ४,५६,०००. आर्थिक वर्ष २०२३-२४, नवी करप्रणाली: तीन लाखांपर्यंत कर नाही, पुढच्या १,५६,००० वर पाच टक्के, म्हणजे ७,८००. पण सात लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या रहिवासी व्यक्तीला कलम ८७ए ची सवलत असल्यामुळे तेही शून्य. म्हणजे देय कर शून्य, कापलेले १,२७,६००, परत यायचे १,२७,६००.

२०२५-२६ या वर्षासाठी ही सवलत बारा लाखांपर्यंत गेली आहे. दुसरं काही उत्पन्न नसेल तर चोवीस लाखांपर्यंत व्याज आलेल्या माणसाचाही निम्मा हिस्सा त्यात बसतो. फक्त ही सवलत व्यक्तीला आहे, हिंदू अविभक्त कुटुंबाला नाही. कुणी तुमच्या वतीनं कुटुंबाच्या नावे विवरणपत्र भरायला निघालं असेल तर आधी हे विचारा.

शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी करमुक्त उत्पन्नाच्या पानावर लिहायचं. अण्णांचं लिहिलं, त्यानं परताव्यात एक रुपयाचाही फरक पडला नाही.

एक सावधगिरी: आलेली रक्कम तुम्ही बँकेत ठेव म्हणून ठेवली, तर त्या ठेवीच्या व्याजाला ही निम्मी वजावट नाही. ते पूर्ण धरायचं. दोन्हीला व्याजच म्हणतात, म्हणून गल्लत होते.

२६एएस बघताना

ई-फायलिंग पोर्टलवर पॅन हाच यूजर आयडी असतो. आत गेल्यावर ई-फाइल, त्यात इन्कम टॅक्स रिटर्न्स, त्यात फॉर्म २६एएस. तुमच्या पॅनवर कुणी किती कापून भरलं ते इथे दिसतं. हे दिसत नाही तोवर परतावा मिळत नाही, इतकं सरळ आहे.

आमचे पैसे फेब्रुवारीत कापले आणि मी मार्चपासून रोज तिथे डोकावत होते. काही नाही. एप्रिल कोरा, मे कोरा. मला वाटलं कार्यालयानं भरलेच नाहीत. खरी गोष्ट अशी की कापणारा दर तीन महिन्यांनी २६क्यू नावाचं विवरणपत्र भरतो, आणि जानेवारी ते मार्चच्या तिमाहीची मुदत ३१ मे असते. त्यानंतर पंधरा दिवसांत त्यानं तुम्हाला फॉर्म १६ए, म्हणजे कपातीचं प्रमाणपत्र, द्यायचा असतो. बाकीच्या तिमाहींची मुदत ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर आणि ३१ जानेवारी. तेव्हा घाबरायचं ते या तारखा उलटल्यावर. अण्णांची नोंद जूनच्या पहिल्या आठवड्यात दिसली.

नोंदीत चार गोष्टी तपासा: पॅन तुमचंच आहे ना, रक्कम तक्त्याशी जुळते ना, कलम कोणतं टाकलंय, आणि सगळ्या भावाबहिणींचा टीडीएस एकाच्याच पॅनवर तर टाकला नाही ना. हे शेवटचं फार होतं. सातबाऱ्यावर पहिलं नाव थोरल्याचं असतं, सगळं त्याच्याच नावे जातं, आणि पुढे घरात भांडणं लागतात. अशा वेळी थोरल्यानं कापणाऱ्या कार्यालयाला लेखी द्यायचं की यातला इतका हिस्सा अमुक पॅनचा आहे. नियम ३७बीए मध्ये तशी तरतूद आहे, आणि त्याप्रमाणे कार्यालयानं त्या त्या माणसाच्या पॅनवर नोंद करायची असते. आयटीआर-२ या विवरणपत्राच्या नमुन्यातही टीडीएसचं श्रेय दुसऱ्या व्यक्तीकडे वळवण्याचा रकाना आहे.

आत्याची गोष्ट

आत्याच्या कागदात तीन गाठी होत्या आणि त्या क्रमानं सोडवाव्या लागल्या.

पहिली, पॅन. आधारवरून मिनिटांत मिळणारं मोफत ई-पॅन काढू म्हटलं तर तिच्या आधारवर जन्माचं फक्त साल होतं, तारीख नव्हती. पूर्ण जन्मतारीख असल्याशिवाय ते ई-पॅन निघत नाही. मोबाइल नंबरही आधारला जोडलेला नव्हता. मग आधी आधार केंद्रावर दोन्ही दुरुस्त्या, मग साधा अर्ज. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं आधार आजच काढून बघा. तारखेच्या जागी नुसतं साल असेल तर पैसे यायच्या आधीच दुरुस्त करून घ्या. पॅन आहे पण आधारला जोडलेलं नाही, अशांचंही पॅन निष्क्रिय धरून वीस टक्के कापतात. जोडायचं विलंब शुल्क १,००० रुपये आहे.

दुसरी गाठ, नाव. सातबाऱ्यावर आणि कोर्टाच्या कागदांत तिचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. टीडीएसची नोंद पॅनच्या क्रमांकावर होते, नावावर नाही, त्यामुळे तिथे अडलं नाही. अडलं ते बँकेत. परतावा ज्या खात्यात यायचा ते खातं पोर्टलवर प्री-व्हॅलिडेट करावं, म्हणजे आधीच पडताळून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी बँकेतलं नाव पॅनवरच्या नावाशी जुळावं लागतं. तिच्या पासबुकावर नावात एक वेलांटी निराळी होती, इंग्रजी स्पेलिंग त्याहून निराळं. दोनदा नकार आला. शेवटी पॅन आणि आधार घेऊन शाखेत गेलो, केवायसी नव्यानं केली, आठवड्यानं खातं मान्य झालं.

तिसरी गाठ सर्वांत अवघड. पॅन दिलेलं नसल्यामुळे तिचे २,५५,२०० तिच्या नावे कुठेच दिसत नव्हते. यावर उपाय एकच, कापणाऱ्या कार्यालयानं आपल्या २६क्यू मध्ये दुरुस्ती करून तिचं पॅन भरायचं. पॅन नसलेली नोंद पॅन असलेली करता येते, हे तिथल्या लेखा शाखेला माहीत नव्हतं. तोंडी तीन चकरा झाल्या. मग मी अर्ज दिला, आणि तो अर्ज कसा होता ते सांगते, कारण त्यानंच काम झालं.

एका पानाचा. वर विषय: टीडीएस विवरणपत्रात पॅनची दुरुस्ती करणेबाबत. खाली गावाचं नाव, गट क्रमांक, कोर्टाचा भूसंपादन दावा क्रमांक आणि दरखास्त क्रमांक, भरण्याची तारीख, तक्त्यातला अनुक्रमांक, एकूण रक्कम, कापलेली रक्कम, आत्याचं पॅन. मग एकच मागणी: चौथ्या (जानेवारी ते मार्च) तिमाहीच्या २६क्यू मध्ये दुरुस्ती विवरणपत्र दाखल करून ही रक्कम या पॅनवर दाखवावी आणि फॉर्म १६ए द्यावा. सोबत पॅनची आणि तक्त्याची प्रत. आवक शाखेत दिला, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. तक्रारीचा एक शब्द घातला नाही. ज्या बाईंनी शेवटी ती दुरुस्ती केली, त्यांनी माझ्यासमोर तो कागद मॉनिटरला टेकवून त्यातले आकडे एकेक करून भरले. त्यांना फाइल शोधावी लागली नाही, म्हणून ते त्या दिवशी झालं.

तरीही महिना गेला आणि उत्तर आलं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. त्यात फक्त दोन प्रश्न विचारा: ही रक्कम कुठल्या तारखेला सरकारजमा केली, आणि त्या तिमाहीचं २६क्यू कोणत्या तारखेला दाखल झालं. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि बहुधा त्या उत्तराआधीच काम होतं.

या सगळ्यात विवरणपत्र भरायची ३१ जुलैची मुदत निघून गेली. आत्याचं विवरणपत्र डिसेंबरमध्ये, ३१ डिसेंबरच्या आत, उशिराचं म्हणून भरलं. तिचं उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्यामुळे विलंब शुल्क १,००० रुपये लागलं. फेब्रुवारीत तिचे पैसे आले.

विवरणपत्रात कुठे चुकतं

आयटीआर-१ नको, आयटीआर-२ घ्या. आणि आता जे सांगते ती माझीच चूक, तिच्यामुळे अण्णांचा परतावा दोन महिने लांबला.

मी विचार केला की निम्मंच व्याज करपात्र आहे, तर निम्मंच लिहावं. इतर स्रोतांच्या पानावर सरळ ४,३८,००० टाकले. मोबदल्याचे चार लाख करमुक्त, म्हणून ते कुठेच लिहिले नाहीत. जुलैमध्ये भरलं, आधार ओटीपीनं ई-व्हेरिफाय केलं, सप्टेंबरमध्ये कलम १४३(१)(ए) खालची सूचना आली. यंत्रणेचं म्हणणं बरोबरच होतं: १२,७६,००० रुपयांवरच्या टीडीएसचं पूर्ण श्रेय मागताय आणि उत्पन्न दाखवताय ४,५६,०००, बाकीचे कुठे आहेत?

करायचं ते असं. व्याज पूर्ण दाखवा, ८,७६,०००. मग त्याच पानावर कलम ५७ ची वजावट म्हणून ४,३८,००० वजा करा. आणि शेतजमिनीचा मोबदला ४,००,००० करमुक्त उत्पन्नाच्या पानावर लिहा. २६एएसमधली सगळी रक्कम विवरणपत्रात कुठे ना कुठे दिसली पाहिजे. मी तसं सुधारित विवरणपत्र भरलं. सुधारित भरायला त्या करनिर्धारण वर्षाच्या (उत्पन्नाच्या वर्षानंतर येणाऱ्या वर्षाच्या) ३१ डिसेंबरपर्यंत मुदत होती. सूचनेला उत्तर द्यायला तीस दिवस असतात, ते टाळू नका. उत्तर दिलं नाही तर तुमच्या हिशेबात फेरफार करूनच पुढचा आदेश निघतो.

विवरणपत्रासोबत कागद जोडायचे नसतात. तक्ता, सातबारा, निवाडा, १६ए हे घरी एका फाइलमध्ये राहू द्या. ई-व्हेरिफिकेशन मात्र तीस दिवसांत करायलाच हवं. ओटीपी येत नसेल तर सही केलेला आयटीआर-व्ही (विवरणपत्राची पोच) बेंगळुरूच्या केंद्राला पोस्टानं पाठवता येतो.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णांच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला: १,३२,७०४ रुपये जमा. वरचे ५,१०४ हे सरकारनं दिलेलं व्याज. मुदतीत विवरणपत्र भरलं असेल तर १ एप्रिलपासून दर महिन्याला अर्धा टक्का मिळतो. आठ महिन्यांचे चार टक्के झाले. उशिरा भरलं तर भरल्या तारखेपासूनच मोजतात. हे व्याज पुढच्या विवरणपत्रात उत्पन्न म्हणून दाखवायचं, अण्णांचं आम्ही दाखवलं.

जुने पैसे राहून गेले असतील तर

वर्षं उलटली म्हणून हात टेकू नका. कलम ११९(२)(ब) खाली उशीर माफ करण्याचा अर्ज आपल्या भागाच्या प्रधान आयकर आयुक्तांकडे करता येतो. परताव्याची रक्कम एक कोटीपर्यंत असेल तर तो अधिकार त्यांनाच आहे. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज हवा. उदाहरणार्थ, २०२१-२२ मध्ये पैसे आले असतील तर करनिर्धारण वर्ष २०२२-२३, ते संपलं ३१ मार्च २०२३ ला, म्हणजे ३१ मार्च २०२८ पर्यंत वेळ आहे. अर्जात उशिराचं खरं कारण लिहा: पॅन नव्हतं, नोंद उशिरा दुरुस्त झाली, घरात दुखणं होतं, आणि त्याचे कागद जोडा. मंजुरीचा आदेश आला की मगच विवरणपत्र भरायचं. अशा जुन्या परताव्यावर व्याज मिळत नाही. काही ठिकाणी अपडेटेड रिटर्न भरून परतावा काढून देतो असं सांगतात. त्या प्रकारच्या विवरणपत्रातून परतावा मागताच येत नाही.

खातेदार वारला असेल आणि टीडीएस त्याच्या पॅनवर असेल, तर वारसानं पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करून मृताच्या नावे विवरणपत्र भरायचं. मृत्यूचा दाखला आणि वारसाचा कागद लागतो.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा २०२५ चा नवा कायदा लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदललेत. ३१ मार्च २०२६ पर्यंत आलेल्या रकमांचा हिशेब मात्र मी वर सांगितलेल्या जुन्या कलमांप्रमाणेच होतो.

गावात टक्केवारीवर परतावा काढून देणारे फिरतात. परताव्याच्या दहा-पंधरा टक्के मागतात, पासवर्ड आणि ओटीपी स्वतःकडे ठेवतात, आणि रक्कम फुगवण्यासाठी नसलेल्या वजावटी टाकतात. पुढे नोटीस येते ती तुमच्या नावावर. काम स्वतः जमत नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी सनदी लेखापालाकडे जा, विवरणपत्राची फी आधी ठरवून घ्या, आणि मोबाइल नंबर तुमचाच टाकायला लावा.

ज्यांची दरखास्त अजून चालू आहे, भरणा व्हायचा आहे, त्यांनी हे सगळं टाळता येतं का ते आत्ताच बघावं. साठ वर्षांवरचा माणूस, ज्याचा एकूण कर शून्य येणार आहे, तो व्याजावर कर कापू नये असं घोषणापत्र (जुन्या प्राप्तिकर कायद्यात फॉर्म १५एच) भूसंपादन कार्यालयात देऊ शकतो. बाकीच्यांसाठी कमी कपातीचं प्रमाणपत्र असतं (जुन्या कायद्यात कलम १९७, फॉर्म १३), त्याला अर्ज करायचा. त्यानं कमी किंवा शून्य दरानं कापणी होते. यासोबत शेतजमिनीच्या मोबदल्यावर टीडीएस (जुन्या कायद्यातलं १९४एलए) लागत नाही असं एक पत्र, सातबारा जोडून, आणि सगळ्या खातेदारांच्या पॅनची यादी. हे तिन्ही कागद भरणा होण्याआधी आवक शाखेत पडायला हवेत. आमच्या शेजारच्या घरानं गेल्या वर्षी तसं केलं. त्यांच्या तक्त्यात कपातीचा रकाना मोबदल्यापुढे कोरा होता.